ॲट द रेट दाबलं की अवतरणचिन्ह उमटतंय? नवा की-बोर्ड घेण्याआधी हे बघा

आधी लक्षणं सांगते, तुमचं कोणतं ते ओळखा.

शिफ्ट धरून २ दाबलं की @ ऐवजी " येतं, आणि @ शोधत बसलं की ते एंटरशेजारच्या अवतरणचिन्हाच्या बटणात सापडतं. # हवं असताना पाउंडाचं £ उमटतं.

अवतरणचिन्ह दाबलं की काहीच उमटत नाही. पुढचं अक्षर दाबलं की दोन्ही एकदम येतात, नाहीतर अक्षर डोक्यावर दोन टिंबं घेऊन येतं.

४ च्या बटणावर ₹ छापलेलं आहे, पण कागदावर काही ते येत नाही.

आल्ट धरून आकडे टाकले, हवा होता लहान डॅश, आला टोपीवाला इंग्रजी यू.

मराठीत टाईप करताना प्रश्नचिन्ह सापडत नाही, तिथे य येतो. विसर्ग आणि अपूर्णविराम यांचा घोळ होतो.

वर्डमध्ये सरळ अवतरणचिन्ह टाकलं तर आपोआप वाकडं होतं आणि तेच एक्सेलच्या फॉर्म्युल्यात चिकटवलं की फॉर्म्युला बोंबलतो.

ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, नोटिसा, ऑनलाईन फॉर्म, दिवसभर हेच. त्यामुळे ही सगळी दुखणी माझ्या टेबलावर येऊन गेली आहेत, काही तर आठवड्यातून दोनदा येतात. येणारा माणूस आल्या आल्या एकच सांगतो, "ताई, की-बोर्ड गेला." की-बोर्ड क्वचितच गेलेला असतो. एका वकील मॅडमच्या ज्युनिअरने महिन्याभरात दोन नवे की-बोर्ड आणले, दोन्हीवर शिफ्ट-२ ला अवतरणचिन्हच आलं. मग ती तिसऱ्या की-बोर्डाचा भाव विचारायला माझ्याकडे आली. दुखणं दोन मिनिटांचं होतं, बटणांत नव्हतंच. बटणाचा अर्थ काय लावायचा हे कॉम्प्युटर ठरवतो, आणि तो अर्थ कोणीतरी, बहुतेक वेळा आपणच, चुकून बदललेला असतो.

तेव्हा फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी करू, खर्चाच्या शेवटी.

पासवर्डच्या चौकटीत तपासू नका

हे पहिलं सांगते कारण यात नुकसान होतं. कळव्याहून एक काकू आल्या होत्या, नेटबँकिंग बंद पडलं म्हणून. पासवर्डात @ होतं. पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे @ च्या जागी " जातंय हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. पुन्हा पुन्हा तोच पासवर्ड टाकला आणि खातं लॉक. काकू म्हणत होत्या, "अगं, पासवर्ड बरोबर आहे गं माझा, डायरीत लिहिलाय." पासवर्ड खरंच बरोबर होता.

म्हणून नोटपॅड उघडा आणि त्यात फक्त चिन्हं टाईप करून बघा: शिफ्ट धरून १ पासून ० पर्यंत सगळी, मग एंटरच्या डावीकडची दोन-तीन बटणं, एकदा शिफ्टशिवाय आणि एकदा शिफ्टसकट. आख्खा पासवर्ड नोटपॅडात लिहायचा नाही, आणि दुकानात आलात तर मलासुद्धा सांगायचा नाही. नोटपॅडच का, तर तो चिन्हांच्या बाबतीत स्वतःची अक्कल चालवत नाही. वर्ड चालवतो, त्याचं पुढे येईलच. नोटपॅडात चिन्हं बरोबर आणि वर्डमध्ये चूक, म्हणजे दोष वर्डचा. दोन्हीकडे चूक असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये किंवा बटणात शोधायचं. एवढ्यानेच अर्धं काम होतं.

कॉम्प्युटर सुरू होताना लॉगिनलाच पासवर्ड घेत नसेल तर चौकटीतल्या डोळ्याच्या चित्रावर माऊस दाबून धरा, काय टाईप झालंय ते दिसतं. त्याच पडद्यावर उजव्या कोपऱ्यात खाली भाषेची खूणही असते, ती बदलता येते.

दोन्ही शिफ्ट दाबून बघा

हसू नका. आपण सगळे एकाच शिफ्टचा वापर करतो, बहुतेक डाव्या. वर्षानुवर्षं त्याच एका बटणावर करंगळी आपटते आणि ते झिजतं. उजव्या शिफ्टने @ येतंय आणि डाव्याने २ च येतोय, तर निदान झालं: डावं शिफ्ट. त्याखाली कचरा आहे किंवा ते गेलंय. पण यात २ च्या जागी २ येतो. @ च्या जागी " येत असेल तर शिफ्ट व्यवस्थित आहे, पुढे वाचा.

उलटंही होतं. काही न धरता आकड्यांच्या जागी चिन्हंच उमटायला लागतात. शिफ्ट अडकलेलं असतं, किंवा स्टिकी कीज, म्हणजे एकदा दाबलेलं शिफ्ट धरून ठेवणारी विंडोजची सोय, चालू झालेली असते. शिफ्ट सलग पाच वेळा दाबलं की विंडोज विचारतो, स्टिकी कीज चालू करू का? आपण न वाचता एंटर मारतो. मुलांनी गेम खेळलेल्या कॉम्प्युटरवर तर हे हमखास, कारण गेममध्ये शिफ्ट बडवतात. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत की-बोर्ड उघडा आणि ते बंद करा. तिथेच फिल्टर कीज दिसेल, तेही बंदच हवं. उजवं शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवलं की ते चालू होतं, आणि मग पटकन दाबलेली बटणं तो मानतच नाही. मराठी टाईप करणारी माणसं पुढचं अक्षर आठवेपर्यंत शिफ्टवर बोट ठेवून बसतात, तेव्हा हे लागतं.

उजवा आल्ट आणि ४

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी. नोटपॅडमध्ये स्पेसबारच्या उजवीकडचा आल्ट धरा आणि वरच्या रांगेतला ४ दाबा.

₹ आलं, तर तुमची मांडणी, म्हणजे कोणत्या बटणाला कोणतं चिन्ह हे ठरवणारं विंडोजचं सेटिंग, इंग्लिश इंडिया आहे. युरोचं € आलं, तर ब्रिटिश. चार कोपऱ्यांना चार काड्या असलेलं गोल ¤ आलं, तर अमेरिकन इंटरनॅशनल. काहीच आलं नाही, तर साधी अमेरिकन.

एका फटक्यात कळतं की कॉम्प्युटर स्वतःला कुठल्या देशातला समजतोय. वरच्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ यातच आहे, म्हणून जरा खोलात जाते.

ब्रिटिश मांडणीत शिफ्ट-२ ला " आणि शिफ्ट-३ ला £ असतं, @ हे एंटरजवळच्या अवतरणचिन्हाच्या बटणावर शिफ्टसकट. भारतात विकले जाणारे बहुतेक की-बोर्ड मात्र अमेरिकन छपाईचे, २ वर @ आणि ३ वर #. विंडोज बसवताना कोणी भाषा म्हणून ब्रिटनचं इंग्रजी निवडलं की बटणावर एक छापलेलं आणि पडद्यावर दुसरं. नवा की-बोर्ड आणला तरी फरक पडत नाही, कारण की-बोर्ड विंडोजला फक्त एवढंच कळवतो की अमुक जागेवरचं बटण दाबलं. त्या बटणावर काय छापलंय याचा त्याला पत्ता नसतो. त्या ज्युनिअरचे पैसे इथेच गेले.

अमेरिकन इंटरनॅशनलची गंमत वेगळी. फ्रेंच, स्पॅनिश लिहिणाऱ्यांसाठी ती केलेली आहे. त्यात ' " ` ~ ^ ही पाच चिन्हं दाबली की कॉम्प्युटर थांबतो आणि वाट बघतो की आता कोणतं अक्षर येतंय. पुढे ए, ई, आय, ओ, यू असा इंग्रजी स्वर आला की चिन्ह त्याच्या डोक्यावर चढतं. अवतरण उघडून इंडिया लिहायला घेतलं की आयच्या डोक्यावर दोन टिंबं, ती ह्यामुळे. तात्पुरता उपाय म्हणजे चिन्हानंतर स्पेसबार दाबायचा, मग नुसतं चिन्ह येतं. कायमचा उपाय मांडणी बदलणं.

आणि ₹. हे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० ला स्वीकारलं. ते काढणारे डी. उदयकुमार तेव्हा पवईच्या आयआयटीत होते, म्हणजे आमच्या ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर. त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या जागतिक यादीतही आलं. तेव्हापासून की-बोर्डवर ते छापायला लागले, पण ते उमटतं फक्त इंग्लिश इंडिया किंवा भारतीय भाषांच्या मांडणीत. साध्या अमेरिकन मांडणीत ते बटणावरचं चित्र म्हणजे नुसती रांगोळी.

इथे एक जुनं लफडं सांगून टाकते, कारण अजून त्याचे कागद येतात. चिन्ह नवं होतं तेव्हा लोकांनी एक फॉन्ट उतरवून घेतला, त्यात टॅबच्या वरचं ` हे बटण दाबलं की रुपयाचं चिन्ह दिसायचं. दिसायचं फक्त. फाईलमध्ये होतं ` च. आज तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर तो भाडेकरार उघडला की भाडं `५,०००/- असं दिसतं. असा कागद आला तर फॉन्ट शोधत फिरू नका, ` शोधून सगळीकडे ₹ घाला. नाहीतर रु. लिहा. मी स्वतः प्रतिज्ञापत्रात रु. च लिहिते. ते कुठल्याही प्रिंटरवर, कुठल्याही फॉन्टात बिघडत नाही.

खालचा उजवा कोपरा

आता बदलायचं कसं. टास्कबारवर घड्याळाजवळ ईएनजी असं लिहिलेलं असतं आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत आयएन, यूएस, यूके किंवा आयएनटीएल. ती बारीक अक्षरं कोणी वाचत नाही, खरी माहिती तिथेच आहे. विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की मांडण्यांची यादी येते, प्रत्येक दाबण्याला एक पुढे सरकते. हवी ती आली की सोडा. झालं काम.

उद्या पुन्हा तेच होणार नाही याची खात्री मात्र यात नाही. कारण डावा आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले तरी भाषा बदलते, आणि ही दोन बटणं शेजारी शेजारी आहेत. खिडक्या बदलताना, घाईत शिफ्टला हात लागला की बदललं. "काल तर नीट होतं" असं म्हणणाऱ्याला मी विचारते, आल्ट-टॅब वापरता का? उत्तर हो येतं.

म्हणून नको असलेल्या मांडण्या काढूनच टाका. सेटिंग्ज, टाईम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन. तिथे इंग्रजीसमोरच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करून लँग्वेज ऑप्शन्स उघडा, खाली की-बोर्डची यादी असेल. इंग्लिश इंडिया ठेवा, बाकीच्या काढा. मराठीची अर्थात राहू द्या. कधी कधी असं होतं की कोपऱ्यातल्या यादीत यूके दिसतंय आणि सेटिंगच्या यादीत नाहीच, मग काढायचं काय? तेव्हा ते आधी मुद्दाम यादीत घाला आणि मग काढा. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण भूत उतरतं. दूरच्या कॉम्प्युटरला रिमोट डेस्कटॉपने जोडणाऱ्यांना ही भुतं जास्त भेटतात, कारण एकीकडची मांडणी दुसरीकडे येऊन बसते. घणसोली-ऐरोलीकडच्या कंपन्यांतली, घरून काम करणारी मुलं हे घेऊन येतात.

भाषा बदलण्याचा आल्ट-शिफ्टचा शॉर्टकटही बंद करता येतो. टायपिंगमध्ये ॲडव्हान्स्ड की-बोर्ड सेटिंग्ज, तिथे इनपुट लँग्वेज हॉट कीज, आणि त्यात नॉट असाईन्ड. विंडोज-स्पेसबार चालूच राहतो, तेवढा पुरतो.

मराठीची चिन्हं

इथे मी थोडी रेंगाळणार आहे. इंग्रजीचं दुखणं चुकून लागतं, मराठीचं मांडणीतच आहे.

इन्स्क्रिप्ट ही सरकारमान्य मांडणी अक्षरांसाठी फार विचार करून केलेली आहे, डावीकडे स्वर आणि उजवीकडे व्यंजनं. पण मराठीला अक्षरं जास्त आणि बटणं तेवढीच. मग गदा कोणावर आली? चिन्हांवर. अवतरणचिन्हाच्या बटणावर ट-ठ बसले, अर्धविराम-अपूर्णविरामाच्या बटणावर च-छ, प्रश्नचिन्हाच्या बटणावर य. शिफ्ट-५ ला टक्क्याऐवजी ज्ञ, शिफ्ट-७ ला क्ष. कंस तेवढे ९ आणि ० वर टिकले. शिफ्टसकट पूर्णविराम दाबला तर हिंदीचा उभा दंड येतो, जो आपण मराठी गद्यात वापरत नाही. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडींनी आपल्याला इंग्रजीतली विरामचिन्हं लावून दिली, आणि की-बोर्ड करताना नेमकी तीच बाहेर उभी राहिली.

तेव्हा मराठी टाईप करताना ? मिळत नाही हा बिघाड नाही. विंडोज-स्पेसबारने इंग्रजीत जा, चिन्ह टाका, परत या. जाणं सोपं, परत यायचं विसरतं. चिन्हानंतरचे दोन-तीन शब्द इंग्रजीत उमटलेले दिसले की समजायचं. चिन्हं रोज पुष्कळ लागत असतील तर विंडोजची मराठी फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबायची मांडणी बघा, विंडोज १० मध्ये २०१९ पासून मिळते. टायपिंगची परीक्षा देणाऱ्या मुलांनी मात्र वर्गात शिकवलेली मांडणी मध्येच सोडू नये. बोटांना दोन सवयी लागल्या की वेग जातो.

आता विसर्ग. इन्स्क्रिप्टमध्ये अपूर्णविराम हाताशी नाही, पण शिफ्ट-हायफनला विसर्ग आहे आणि दिसायला दोन्ही सारखेच, एकावर एक दोन टिंबं. म्हणून 'विषय:' च्या जागी 'विषयः' लिहिलेले अर्ज ढिगाने येतात. छापल्यावर कोणाच्या लक्षात येत नाही. मग नुकसान काय? आकड्यानंतर विसर्ग टाकला की वेळेच्या मधोमध ठिपक्यांचं एक वर्तुळ उगवतं, कारण विसर्गाला चढायला अक्षर लागतं आणि आकडा काही अक्षर नाही. तुमच्या कागदात कुठेही ते ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं तर फॉन्ट बदलू नका. त्याला चिकटून आलेला विसर्ग खोडा आणि इंग्रजीत जाऊन अपूर्णविराम टाका. शोधातही हा फरक नडतो. 'दुःख' मध्ये अपूर्णविराम टाकलेला असेल तर विसर्ग टाकून शोधणाऱ्याला तो शब्द जन्मात सापडणार नाही.

जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टांचं दुखणं निराळं. त्या फॉन्टांत इंग्रजी चिन्हांच्या जागी मराठीचे तुकडे बसवलेले असतात, कुठे मात्रा, कुठे अर्धं अक्षर. फॉन्ट तसाच लागलेला असताना ई-मेल पत्ता टाईप केला की @ च्या जागी भलतंच काही दिसतं. बटणं ठीक, मांडणी ठीक, फक्त वर घातलेला मुखवटा चुकीचा. वर्डमध्ये तेवढा मजकूर निवडून कंट्रोल-स्पेसबार दाबा, लावलेला फॉन्ट उतरतो आणि खालचं खरं चिन्ह दिसतं.

वर्डचा आगाऊपणा

वर्ड सरळ " चं वळणदार “ ” करतो. दोन हायफनचा डॅश करतो, तीन टिंबांचं एक चिन्ह करतो. पत्राला, पुस्तकाला हे छानच दिसतं. मी बंद करत नाही. नको तिथे झालं तर लगेच कंट्रोल-झेड दाबते, शब्द राहतो आणि फक्त वर्डची दुरुस्ती मागे जाते.

त्रास होतो तो मजकूर दुसरीकडे नेताना. एक्सेलच्या फॉर्म्युल्याला वळणदार अवतरणचिन्ह म्हणजे अवतरणचिन्हच नव्हे, त्याला सरळच लागतं. ऑनलाईन फॉर्म पत्त्यातला लांब डॅश बघून 'विशेष चिन्हं चालणार नाहीत' म्हणून अडून बसतात, आणि माणूस शोधतो की मी विशेष काय लिहिलं. फ्लॅट नंबरात वर्डने हायफनचा डॅश केलेला असतो. ते एक चिन्ह खोडून फॉर्ममध्येच हाताने हायफन टाका. असं वारंवार होत असेल तर फाईल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स, आणि तिथे 'ऑटोफॉरमॅट ॲज यू टाईप' मध्ये जाऊन खुणा काढा.

आल्ट आणि आकडे

लहान डॅशला आल्ट-०१५०, लांब डॅशला आल्ट-०१५१, वळणदार अवतरणाला ०१४७ आणि ०१४८, अंशाच्या टिंबाला ०१७६. हे आकडे उजवीकडच्या आकड्यांच्या चौकोनातूनच टाकायचे आणि नम लॉक चालू हवा. वरच्या रांगेतल्या आकड्यांनी होत नाही. पहिला शून्य गाळला तर कॉम्प्युटर जुन्या डॉसच्या तक्त्यात बघतो, टोपीवाला यू तिथून येतो.

लॅपटॉपला आकड्यांचा चौकोन नसेल तर हा नाद सोडा. विंडोजचं बटण धरून पूर्णविराम दाबा. इमोजींची चौकट उघडते, तिच्यात चिन्हांचा विभाग आहे, डॅश, अवतरणं, चलनं सगळं तिथे. वर्डमध्ये आणखी एक: २०बी९ असं इंग्रजीत लिहून लगेच आल्ट-एक्स दाबलं की त्याचं ₹ होतं. ॲपल वापरणाऱ्यांना हे काहीच लागत नाही, ऑप्शन-हायफनने लहान डॅश आणि त्यात शिफ्ट मिळवलं की लांब.

अजूनही चूक येत असेल तर बटणाकडे

विंडोज, कंट्रोल आणि ओ एकदम दाबा, पडद्यावर की-बोर्ड उघडतो. त्यावर माऊसने शिफ्ट आणि मग २ दाबा. @ बरोबर उमटलं आणि हाताने दाबलं की येत नाही, म्हणजे आता दोष खरंच बटणात. माऊसनेही चूक आलं तर मांडणी अजून चुकीचीच आहे, मागे जा. हा पडद्यावरचा की-बोर्ड आणखी एक काम करतो. तुम्ही हाताने दाबलेलं बटण तिथे उजळतं. काही न दाबता शिफ्ट उजळलेलं दिसलं तर ते अडकलंय.

मग दुसरा की-बोर्ड लावून बघायचा, पण विकत नाही, शेजाऱ्याचा मागून. तो लावल्यावर सगळं सुरळीत झालं तरच दुकानात जा. साधा यूएसबी की-बोर्ड पाचशेच्या आतबाहेर मिळतो, तेवढ्यासाठी जुना दुरुस्त करण्यात अर्थ नाही. सेकंडहँड लॅपटॉप घेतला असेल आणि त्याचं एंटर दोन रांगा उंच, डाव्या शिफ्टशेजारी एक जादा बटण, ३ वर £ छापलेलं, तर तो ब्रिटिश बांधणीचा आहे. तिथे दोनपैकी एक ठरवा: छपाईप्रमाणे चालायचं तर यूके मांडणी ठेवा, बोटांच्या सवयीप्रमाणे चालायचं तर इंडिया ठेवा आणि छपाईकडे बघू नका.

सफाई करायची तर कॉम्प्युटर बंद, वायर काढलेली. की-बोर्ड पालथा करून हलक्या हाताने थोपटा. माझ्या दुकानातल्या की-बोर्डातून चिवडा, स्टेपलरच्या पिना आणि एकदा कोर्ट फीच्या तिकिटाचा कोपरा निघाला होता. लॅपटॉपची बटणं मात्र नखाने उचकटू नका. मी उचकटलं होतं, अवतरणचिन्हाचंच. बटण धरून ठेवणारी खालची कात्रीसारखी पातळ पट्टी तुटली, आणि पुढचे चार महिने त्या जागी रबराचा नुसता फुगा दाबत बसले.

इथे थांबा

लॅपटॉपवर चहा, पाणी, सरबत काहीही सांडलं असेल तर वरचं काही करू नका. लगेच बंद करा, चार्जर काढा, उलटा ठेवा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. चालू होतोय का बघायला पुन्हा चालू करू नका, ओल्या सर्किटात वीज गेली की बटणांचं दुखणं मदरबोर्डवर जातं. हेअर ड्रायर नको, गरम हवेने बटणं वाकतात आणि पाणी आत ढकललं जातं.

एक-दोन नाही, एकमेकांशी संबंध नसलेली चार-पाच बटणं एकदम गेली तर तेही घरचं काम नाही. की-बोर्डात बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसलेली असतात, एक तार तुटली की तिच्यावरची सगळी मुकी होतात. बऱ्याच लॅपटॉपांचा की-बोर्ड वरच्या पत्र्याला रिव्हेटने ठोकलेला असतो, म्हणून आधी खर्च विचारून घ्या. लॅपटॉप जुना असेल तर बाहेरून यूएसबी की-बोर्ड लावून भागतं.

बटणांची रांग मधोमध फुगल्यासारखी वर आली असेल, टचपॅड दबत नसेल, तर खाली बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. तो लॅपटॉप चार्जिंगला लावू नका, दाबून सपाट करायचा प्रयत्न तर अजिबात नको. त्याच दिवशी न्या.

ऑफिसच्या लॅपटॉपवर सेटिंग्ज उघडतच नसतील तर ते कंपनीने बंद केलेलं आहे, आयटीवाल्यांना सांगा. आणि इंटरनेटवर सापडलेल्या नंबरावरच्या कोणी 'मी लांबून दुरुस्त करून देतो, हे ॲप टाका' म्हटलं तर फोन ठेवा. @ ऐवजी " येतंय एवढ्यासाठी कोणाला आपल्या कॉम्प्युटरचा ताबा देऊ नये.

दुरुस्तीला देताना 'की-बोर्ड चालत नाही' असं सांगू नका. एका कागदावर लिहून द्या: कोणतं बटण दाबलं, काय यायला हवं होतं, काय आलं, उजव्या आल्ट-४ ला काय येतं, दुसऱ्या की-बोर्डवर काय होतं. तो कागद लॅपटॉपच्या झाकणावर चिकटपट्टीने लावा, आत ठेवला तर कुठेतरी पडून जातो.